एका दहा अंकी संख्येची उलटतपासणी

४,२९,४९,६७,२९७.

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. एका दमात वाचली तर धाप लागेल, पण आजच्या हिशोबानं ही काही फार मोठी संख्या नाही. दहाच अंक. तरीही सतराव्या शतकातला एक थोर गणिती तिच्याबाबतीत फसला आणि ती चूक उघडी पडायला ब्याण्णव वर्षं लागली. चूक शोधणाराही तसाच थोर होता. या संख्येला दोघांनी काय प्रश्न विचारले आणि तिनं काय उत्तरं दिली, ते जरा निवांत बघू.

समोर अनोळखी संख्या आली की पहिला प्रश्न एकच असतो: हिला कशानं भाग जातो? शाळेत शिकलेल्या विभाज्यतेच्या कसोट्या लावून पाहू. शेवटचा अंक ७, म्हणजे २ नं भाग जात नाही आणि ५ नंही नाही. अंकांची बेरीज ५९ येते, त्यामुळे ३ आणि ९ बाद. ७ नं भागलं तर बाकी ५, ११ नं भागलं तरी ५, १३ नं १०, १७ नं २, १९ नं ७, २३ नं १३. संख्या कुठेच दाद देत नाही. अशा वेळी कुणालाही वाटतं, की ही मूळ संख्या असणार. मूळ संख्या म्हणजे जिला १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानंच नि:शेष भाग जात नाही, अशी संख्या.

पण वाटणं निराळं आणि खात्री निराळी. खात्री करायची तर किती भागाकार करावे लागतील? कोणत्याही संख्येचे दोन तुकडे गुणाकाराच्या रूपात पाडले, तर दोन्ही तुकडे वर्गमुळापेक्षा मोठे असू शकत नाहीत. म्हणून वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की काम झालं. या संख्येचं वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित पुढे येतं. तिथपर्यंत मूळ संख्या आहेत ६,५४२. एकेका भागाकाराला पाच मिनिटं धरली, तर न जेवता, न झोपता तेवीस दिवस.

इथे बहुतेक जण कागद बाजूला ठेवतात. पण संख्येकडे नुसता अंकांचा ढीग म्हणून न पाहता ती घडली कशी हे पाहिलं, की गोष्ट बदलते. वर्गमूळ ६५,५३६ च्या इतकं जवळ यावं, हा योगायोग नाही. ६५,५३६ चा वर्ग ४,२९,४९,६७,२९६ आहे. आपली संख्या त्याच्याहून फक्त एकानं मोठी. आणि ६५,५३६ म्हणजे २ चा सोळावा घात, म्हणजे २ ला २ नं गुणत गेल्यावर सोळाव्या पायरीवर मिळणारी संख्या. तेव्हा आपली संख्या म्हणजे २ चा बत्तिसावा घात, अधिक १.

संगणकाला ही घडण आपल्याआधी दिसते. त्याच्या द्विमान पद्धतीत ती अशी लिहिली जाते: आधी १, मग ओळीनं एकतीस शून्यं, शेवटी पुन्हा १. एकूण ३३ अंक. ज्या कप्प्यात फक्त ३२ अंक मावतात, तिथे ही संख्या ठेवायला गेलं की डावीकडचा १ बाहेर सांडतो आणि आत उरतो निव्वळ १. सव्वाचार अब्जांहून मोठी संख्या ठेवायला दिली, आणि उघडून पाहिलं तर १. गणक अचानक शून्यावर किंवा एकावर आल्याच्या ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतल्या कित्येकांच्या मुळाशी हीच सांडलवंड असते.

आता ज्या कुटुंबातली ही संख्या आहे, ते कुटुंब पाहू.

२ च्या घातात १ मिळवून मूळ संख्या हवी असेल, तर घातांक कसाही घेऊन चालत नाही. सहावा घात घेतला तर ६४ + १ = ६५, आणि तिला ५ नं भाग जातो. बारावा घेतला तर ४,०९७, म्हणजे १७ × २४१. घातांकात ३ किंवा ५ असा एखादा विषम विभाजक शिरला, की संख्या फुटलीच म्हणून समजा. मग उरतात ते १, २, ४, ८, १६, ३२ असे दुपटीनं वाढणारे घातांक. त्यांच्यापासून मिळणाऱ्या संख्या अशा: ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि मग आपली. पहिल्या पाचही मूळ संख्या आहेत, हे तपासता येतं. फ्रान्समधल्या पिएर द फर्मा यानं ते पाहिलं आणि १६४० मध्ये फ्रेनिकल या मित्राला लिहिलेल्या पत्रात सांगितलं, की अशा सगळ्याच संख्या मूळ असतात असं आपल्याला वाटतं. सिद्धता हाती नाही, हेही त्यानं प्रामाणिकपणे कळवलं होतं. पुढच्या काळात मात्र त्याचा तो विश्वास कमी झालेला दिसत नाही.

पाच संख्या पाहून सहावीबद्दल बोलायचं, याला गणितात पुरावा म्हणत नाहीत. पण फर्माला हसण्याआधी या कुटुंबाचा आणखी एक गुण पाहा. तो पाहून माझाही विश्वास बसला असता. ३ आणि ५ यांचा गुणाकार १५, त्यात २ मिळवा: १७. आता १५ × १७ = २५५, अधिक २: २५७. पुढे २५५ × २५७ = ६५,५३५, अधिक २: ६५,५३७. आणि ६५,५३५ × ६५,५३७ = ४,२९,४९,६७,२९५. त्यात २ मिळवले की आपली संख्या हजर. म्हणजे कुटुंबातल्या आधीच्या सगळ्यांचा गुणाकार करून २ मिळवले की पुढची संख्या जन्माला येते. यात जादू नाही, शाळेतलंच (अ − १)(अ + १) = अ² − १ हे सूत्र पुन्हा पुन्हा लागतंय, एवढंच.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. आपल्या संख्येला आधीच्या पाचांपैकी कशानंही भागा, बाकी २ च उरणार. म्हणून यातल्या कोणत्याही दोन संख्यांना १ सोडून सामाईक विभाजक असूच शकत नाही, त्या एकमेकींशी सहमूळ असतात. प्रत्येकीला स्वतःचा असा निदान एक तरी मूळ विभाजक लागतो, जो दुसऱ्या कुणाकडे नसतो. कुटुंब तर न संपणारं, म्हणजे मूळ संख्याही न संपणाऱ्या. क्रिस्तिआन गोल्डबाख या गणितीनं १७३० मध्ये लेओनार्ड ऑयलर या दुसऱ्या गणितीला लिहिलेल्या पत्रात ही सुरेख युक्ती मांडली होती. फर्माच्या या म्हणण्याकडे ऑयलरचं लक्ष वेधलं, तेही गोल्डबाखनंच, त्याच्या आधीच्या वर्षी.

आणि १७३२ मध्ये, पंचविशीतल्या लेओनार्ड ऑयलरनं सांगितलं: ४,२९,४९,६७,२९७ ला ६४१ नं भाग जातो.

हा भागाकार प्रत्येकानं एकदा हातानं करावा असा आहे. ४२९४ मध्ये ६४१ सहा वेळा, ३८४६ गेले, उरले ४४८. वरचा ९ खाली घेतला: ४४८९. यात सात वेळा, ४४८७ गेले, उरले फक्त २. इथे ६ घेतला: २६, भाग शून्य. ७ घेतला: २६७, पुन्हा शून्य. २ घेतला: २६७२, चार वेळा, २५६४ गेले, उरले १०८. ९ घेतला: १०८९, एक वेळा, उरले ४४८. हे ४४८ आपण मघाशीच पाहिले होते. मघाशी त्यावर ९ घेतला होता आणि २ उरले होते. आता शेवटचा ७ घेतला: ४४८७, बरोबर सात वेळा. बाकी शून्य.

उत्तर ६७,००,४१७. सात ओळींत काम झालं.

सगळ्यात जास्त चुटपुट लावते ती पुढची गोष्ट. ६४१ ही मूळ संख्यांच्या रांगेत ११६ वी. म्हणजे कोणतीही युक्ती न वापरता, २, ३, ५ पासून सुरुवात करून मुकाट भागत गेलं असतं, तरी ११६ व्या भागाकाराला संख्या फुटली असती. तेवीस दिवस कशाला, पाच मिनिटांच्या हिशोबानं दहा तासही नाहीत. ६,५४२ हा आकडा पाहून घाबरलो, तो उगाच.

अर्थात ऑयलर काही ११६ भागाकार करत बसला नव्हता. त्याची युक्ती समजायला हवी, कारण मोठ्या संख्येशी कसं बोलायचं ते तिथे कळतं.

आधी लहान संख्येवर पाहू. १७ घ्या. २ चे घात एकामागून एक लिहा आणि प्रत्येकाला १७ नं भागून फक्त बाकी नोंदवा: १, २, ४, ८, १६, १५, १३, ९, आणि परत १. घड्याळाच्या काट्यासारखं चक्र फिरून जागेवर येतं. चक्राची लांबी ८. बरोबर निम्म्यावर आहे १६, म्हणजे १७ ला एक कमी, म्हणजे ‘उणे १’. फर्माचंच एक प्रमेय सांगतं, की मूळ संख्येसाठी या चक्राची लांबी त्या संख्येतून १ वजा करून जे उरतं त्याला नि:शेष भागते. इथे ८ नं १६ ला भाग जातो. जुळलं.

आता समजा, एखाद्या मूळ संख्येनं आपल्या दहा अंकी संख्येला भाग जातो. म्हणजे त्या मूळ संख्येच्या हिशोबात २ चा बत्तिसावा घात अधिक १ म्हणजे शून्य, म्हणजेच बत्तिसावा घात ‘उणे १’. मग चौसष्टावा घात उणे १ गुणिले उणे १, म्हणजे १. चक्र चौसष्टाव्या पायरीला पूर्ण होतं. त्याआधी पूर्ण होईल का? चौसष्टावी पायरी चक्रात बसायला हवी, म्हणून लांबी ६४ ची विभाजक असायला हवी: ३२, १६, ८ यांपैकी काही. पण तसं असतं तर बत्तिसाव्या पायरीला १ आला असता, आणि तिथे तर उणे १ बसला आहे. म्हणून लांबी नेमकी ६४. तेव्हा त्या मूळ संख्येतून १ वजा केला, की उरलेल्याला ६४ नं भाग जायलाच हवा.

इथून पुढे सगळं मैदान मोकळं होतं. सहा हजारांवर उमेदवार होते, त्यातले बहुतेक न बघताच घरी गेले. ६४ च्या पाढ्यात १ मिळवत जा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ संख्या तेवढ्या ठेवा: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या प्रयत्नात शिकार.

एकोणिसाव्या शतकात एद्वार लुका यानं हे आणखी घट्ट केलं: ६४ नाही, १२८ चा पाढा घ्या. मग १९३, ४४९, ५७७ हेही गळतात आणि राहतात फक्त २५७ आणि ६४१. त्यातली २५७ तर आपल्या संख्येच्या कुटुंबातलीच. तिनं भागल्यावर बाकी २ उरते, हे आपण वर पाहिलंच आहे. म्हणजे उमेदवार उरला एक. पहिलाच भागाकार ६४१ चा आणि तोच लागू पडणारा.

दुसरा तुकडा ६७,००,४१७. तो पुढे फुटतो का? त्याचं वर्गमूळ २,५८८ आणि २,५८९ यांच्या मध्ये आहे. १२८ च्या चाळणीतून तिथपर्यंत २५७ सोडून चारच मूळ संख्या उरतात: ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. बाकी अनुक्रमे ४४, १२०, ३३४, ६२२. कशानंच भाग जात नाही, म्हणजे तो मूळ आहे. त्यामुळे आपल्या संख्येला विभाजक अवघे चार: १, ६४१, ६७,००,४१७ आणि ती स्वतः. या फोडीवरून एक आठवण: झेरा कोलबर्न नावाचा अमेरिकन मुलगा आठ वर्षांचा असताना लंडनमध्ये तोंडी हिशोबाचे प्रयोग करायचा. त्याला ही संख्या दिली आणि त्यानं दोन्ही तुकडे सांगितले, असं नोंदवलेलं आहे. चक्राची लांबी, पाढे वगैरे त्याच्या कानावरही गेलं नसावं.

६४१ नं भाग जातो हे दाखवायला लांबलचक भागाकाराचीही गरज नाही. ६४१ ची स्वतःची घडण दोन तऱ्हांनी पाहा. एक, ६४१ = ५ × १२८ + १, आणि १२८ हा २ चा सातवा घात. दोन, ६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. आता ६४१ च्या हिशोबात, म्हणजे फक्त बाकी बघत, चाला. पहिल्यावरून ५ × (२ चा सातवा घात) म्हणजे उणे १. त्याचा चौथा घात घ्या: (५ चा चौथा घात) × (२ चा अठ्ठाविसावा घात) म्हणजे १. दुसऱ्यावरून ५ चा चौथा घात म्हणजे उणे (२ चा चौथा घात). तो तिथे घाला: अठ्ठावीस आणि चार मिळून बत्तीस, म्हणजे उणे (२ चा बत्तिसावा घात) = १. म्हणजेच २ चा बत्तिसावा घात अधिक १ = शून्य. संपलं. मोठी संख्या एकदाही लिहावी लागली नाही. मला हे जितक्या वेळा वाचावं तितक्या वेळा हातचलाखी वाटते, आणि दर वेळी तपासलं की बरोबर निघतं.

मग फर्मा का चुकला? चक्राचं प्रमेय त्याचंच, आणि तेही त्याच १६४० सालच्या पत्रव्यवहारातलं. हत्यार हातात होतं, पाच भागाकार करायचे होते. त्यानं ते केले असावेत आणि ६४१ च्या भागाकारात कुठेतरी आकडा चुकला असावा, असा तर्क काही जण करतात. शक्य आहे. पण दुसरीही एक गंमत आहे. एखादी संख्या मूळ आहे का हे पाहायची फर्माच्या प्रमेयातून निघणारी सोपी चाचणी अशी: २ घ्या, त्याचा (संख्या उणे १) इतका घात करा, संख्येनं भागा. बाकी १ आली नाही तर संख्या नक्की संयुक्त. १ आली, तर बहुधा मूळ. आपली संख्या या चाचणीत पहिल्या नंबरानं पास होते. कारण उघड आहे. चौसष्टाव्या पायरीला १ येतो, आणि संख्या उणे १ म्हणजे २ चा बत्तिसावा घात, जो ६४ च्या पटीतच असतो. या कुटुंबातली प्रत्येक संख्या, फुटणारी असो वा न फुटणारी, या चाचणीत पास होते. २ हा त्यांच्या घरचाच माणूस. त्याची साक्ष काय धरायची?

साक्षीदार बाहेरचा हवा. १८७७ मध्ये पेपँ नावाच्या फ्रेंच गणितीनं या कुटुंबासाठी तशी कसोटी दिली. आज तिच्यात साक्षीला ३ ला बोलावतात. ३ पासून सुरुवात करायची, वर्ग करायचा, आपल्या संख्येनं भागून बाकी ठेवायची, तिचा वर्ग, पुन्हा बाकी, असं ३१ वेळा. शेवटची बाकी संख्येला एक कमी आली तर संख्या मूळ, दुसरं काहीही आलं तर संयुक्त. मधला रस्ता नाही. आपल्या संख्येसाठी शेवटी उरतात १,०३,२४,३०३. म्हणजे संयुक्त. लक्षात घ्या, या सगळ्यात ६४१ कुठेही आला नाही. संख्या फुटते हे कळलं, कुठे फुटते हे कळलं नाही. ही दोन वेगवेगळी ज्ञानं आहेत, आणि पहिलं दुसऱ्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. आज गुप्त संदेशांची जी कुलपं वापरली जातात, त्यांतली बरीचशी याच तफावतीवर उभी आहेत.

ती फोडायचा आणखी एक मार्ग आहे, आणि माझ्या मते या सगळ्यात तोच सर्वांत देखणा. त्यात भागाकार करून शोधाशोध नाही.

आपली संख्या दोन वर्गांची बेरीज आहे, हे तर जन्मापासूनच दिसतं: ६५,५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग. विषम मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत लिहिता येत असेल, तर ती एकाच प्रकारे लिहिता येते. १३ म्हणजे ९ + ४, दुसरं काही नाही. ६४१ म्हणजे ६२५ + १६, दुसरं काही नाही. आणि आपली संख्या?

६२,२६४ चा वर्ग ३,८७,६८,०५,६९६. २०,४४९ चा वर्ग ४१,८१,६१,६०१. बेरीज करून पाहा. ४,२९,४९,६७,२९७.

दुसरी जोडी सापडली, म्हणजे संख्या मूळ नाही. (२०,४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग आहे, म्हणजे आपली संख्या एक वर्ग आणि एक चौथा घात यांचीही बेरीज आहे. याचा पुढे काही उपयोग नाही, पण दिसल्यावर सांगितल्याशिवाय राहवत नाही.) आणि या दोन जोड्यांतूनच तुकडेही बाहेर काढता येतात. सम संख्यांतला फरक घ्या: ६५,५३६ − ६२,२६४ = ३,२७२. विषम संख्यांतला फरक घ्या: २०,४४९ − १ = २०,४४८. दोघांचा मसावि ८. ८ नं भागलं की ४०९ आणि २,५५६. यांच्या वर्गांची बेरीज: १,६७,२८१ + ६५,३३,१३६ = ६७,००,४१७. मोठा तुकडा हाती आला.

लहानाचं काय? आता फरकांऐवजी बेरजा घ्या. ६५,५३६ + ६२,२६४ = १,२७,८०० आणि २०,४४९ + १ = २०,४५०. मसावि ५०. मघाचा मसावि ८, त्याचा निम्मा ४. आत्ताचा ५०, त्याचा निम्मा २५. ४ चा वर्ग १६, २५ चा वर्ग ६२५. बेरीज ६४१.

दुसरी जोडी शोधायची कशी, हा प्रश्न राहतोच आणि तो सोपा नाही. दोन जोड्यांतून विभाजक काढायची ही पद्धतही ऑयलरच्याच नावानं ओळखली जाते.

भूमितीतही या कुटुंबाचं नाव अचानक निघतं. फक्त कंपास आणि बिनखुणांची पट्टी वापरून कोणते सुसम बहुभुज काढता येतात? गाऊसनं १७९६ मध्ये, एकोणीस वर्षंही पूर्ण नसताना, सतरा बाजूंचा बहुभुज काढता येतो हे दाखवलं. नियम असा निघाला, की बाजूंची संख्या विषम असेल तर ती या कुटुंबातल्या वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असायला हवी, किंवा त्यांतलीच एखादी. याशिवाय इतर कोणताही चालत नाही, हे व्हान्झेल यानं १८३७ मध्ये सिद्ध केलं. कुटुंबातल्या माहीत असलेल्या मूळ संख्या आजही त्याच पाच आहेत. त्या पाचांचा गुणाकार ४,२९,४९,६७,२९५, आणि इतक्या बाजूंचा बहुभुज तत्त्वतः काढता येतो. त्यात दोनच बाजू वाढवून आपल्या संख्येवर या, आणि तो अशक्य होतो, कारण ६४१ काही या कुटुंबातला नाही. अर्थात इतक्या बाजूंचा बहुभुज आणि वर्तुळ यांतला फरक कुठल्याही डोळ्याला दिसणार नाही, ही गोष्ट वेगळी. तरी ६५,५३७ बाजूंच्या बहुभुजाची कृती लिहिण्यात हेर्मेस नावाच्या एका जर्मन गृहस्थांनी दहा वर्षं घातली, आणि ते बाड गटिंगेनच्या विद्यापीठात ठेवलेलं आहे.

फर्माचा अंदाज चुकला तोही साधासुधा नाही. आपल्या संख्येनंतरची, २ चा चौसष्टावा घात अधिक १ ही वीस अंकी संख्या: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१७. तिचे तुकडे २,७४,१७७ आणि ६,७२,८०,४२,१३,१०,७२१. फोर्च्युने लँड्री यानं ते १८८० मध्ये जाहीर केले, वयाच्या ८२ व्या वर्षी. त्यापुढची ३९ अंकी संख्या १९७० मध्ये संगणकानं फोडली. त्यापुढेही ज्या ज्या संख्येची परीक्षा झाली, ती संयुक्त निघाली. २ च्या घातांकात २ चा विसावा घात ठेवून १ मिळवला, की जी संख्या मिळते तिला ३,१५,६५३ अंक आहेत. ती फुटते हे पेपँच्या कसोटीनं पक्कं झालं आहे, पण तिचा एकही विभाजक अजून कुणाच्या हाती लागलेला नाही.

आणि घातांकात २ चा तेहेतिसावा घात ठेवलेल्या संख्येबद्दल तर ती मूळ की संयुक्त, हेही ठरलेलं नाही. तिला अडीच अब्जांहून जास्त अंक आहेत. एका पानावर तीन हजार अंक छापले, तरी आठ लाखांवर पानं होतील. पेपँची कसोटी तिलाही लागू आहे, कृती तीच: ३ घ्या, वर्ग करा, बाकी ठेवा. फक्त ते ८,५८,९९,३४,५९१ वेळा करावं लागेल, आणि दर वेळी अडीच अब्ज अंकी संख्येचा वर्ग. आपल्या संख्येला ३१ वेळा पुरलं होतं.